लेटरबॉक्सिंग मुलांसह सुरू करताना आधी शिक्का कोरावा

प्रश्न असा आहे: “आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून ब्रिस्टलला आलो. मुलगा दहा वर्षांचा आहे, मुलगी सहा वर्षांची. डार्टमूरवर लेटरबॉक्सिंग नावाचा छंद चालतो असे ऐकले. घरातल्या सगळ्यांनी मिळून तो करता येईल का? सुरुवात कशी करावी, काय विकत घ्यावे? मे महिन्यात सासू-सासरे येणार आहेत, त्यांनाही नेता येईल का?”

नक्की करता येईल, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आणि सासू-सासऱ्यांना घेऊनही. मी प्लिमथला राहते. आमची मुले चार आणि आठ वर्षांची होती तेव्हा आम्ही या छंदाला लागलो, आणि आज ती दोघे शिक्षणासाठी घराबाहेर असली, तरी सुट्टीत आली की पहिला कोरडा दिवस डार्टमूरचा, हे ठरलेले असते. एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून मी तुम्हाला पहिला सल्ला हा देईन की बूट, नकाशा आणि होकायंत्र यांच्या खरेदीला निघण्याआधी एका शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून मुलांकडून त्यांचा स्वतःचा शिक्का कोरून घ्या. बहुतेक कुटुंबे याच्या उलट करतात. ती आधी डोंगरावर जातात, पेट्या शोधतात, पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवतात आणि परततात. अशा मुलांच्या दृष्टीने तो लपवलेल्या वस्तूंचा शोध होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी पाऊस लागला किंवा पेटी सापडली नाही, की त्यांचा उत्साह मावळतो. ज्या मुलाच्या खिशात स्वतः कोरलेला शिक्का आहे, ते मात्र पेटीत काहीतरी ठेवायला जात असते, आणि त्याची चाल वेगळी असते.

ज्यांना हा छंदच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डार्टमूर हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यातले उघडे, वाऱ्याचे, ग्रॅनाइटच्या कातळांचे पठार आहे. या कातळांच्या माथ्यांना इथे ‘टॉर’ म्हणतात. १९५१ साली या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि त्याचे क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर आहे. या माळावर दगडांच्या आडोशाला छोट्या पेट्या ठेवलेल्या असतात. प्रत्येक पेटीत एक रबरी शिक्का आणि एक नोंदवही असते. पेटी शोधायची, तिचा शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का तिच्या वहीत उमटवायचा, तारीख आणि दोन शब्द लिहायचे, आणि पेटी होती तशीच, होती तिथेच ठेवायची. बक्षीस नाही, गुण नाहीत, कोणी तपासायलाही येत नाही.

याची सुरुवात १८५४ साली झाली. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट हा हौशी पाहुण्यांना उत्तर डार्टमूरच्या अगदी आत, क्रॅनमिअर पूल (इंग्रजी ‘पूल’, म्हणजे तळे) या जागी घेऊन जात असे. तिथवर पोचल्याची खूण राहावी म्हणून त्याने तिथे एक बाटली ठेवली आणि येणारे आपली भेटपत्रिका तीत टाकू लागले. पुढे बाटलीची जागा पेटीने घेतली, आणि लोक स्वतःच्याच पत्त्यावरची कार्डे तिकिटे लावून तिथे ठेवू लागले. पुढचा येणारा ती उचलायचा आणि आपल्या गावच्या टपालात टाकायचा. ‘लेटरबॉक्स’ हे नाव यातून आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरी शिक्का आला. पण १९७६ च्या सुमारासही साऱ्या डार्टमूरवर जेमतेम पंधरा-एक पेट्या होत्या. त्या वर्षी टॉम गँट यांनी पेट्यांचा नकाशा काढला, छंद झपाट्याने पसरला आणि पेट्यांची संख्या हजारांत गेली. डार्टमूरवरचे शंभर शिक्के ज्याने जमवले त्याला ‘हंड्रेड क्लब’चे सभासद होता येते. दहा वर्षांच्या मुलासाठी हा आकडा उत्तम आहे, कारण तो अवघड आहे, पण दोन-तीन वर्षांत गाठण्यासारखा आहे.

आता शिक्क्याकडे वळते. त्यावर मी अंमळ रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते निम्मा छंद तिथेच आहे.

पहिल्या शिक्क्यासाठी मोठे पांढरे खोडरबर पुरते. चित्र पातळ ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने गडद काढावे, मग तो कागद पालथा घालून खोडरबरावर ठेवावा आणि चमच्याच्या पाठीने किंवा नखाने मागून घासावा. पेन्सिलीचे शिसे रबरावर उतरते आणि चित्र आपोआप उलटे येते, म्हणजे शिक्का मारल्यावर ते सुलटे उमटते. ही पायरी गाळू नका. आमच्या मुलाने पहिल्या खेपेला चित्र थेट रबरावर काढले होते. त्याने कावळा आणि खाली ‘काऊ’ अशी अक्षरे कोरली होती. कावळा उलटा असला तरी काही बिघडत नाही, पण अक्षरे कोणत्याच लिपीतली वाटेनात. तो रडवेला झाला. मग आम्ही शिक्क्याचा ठसा आरशासमोर धरला, तेव्हा ‘काऊ’ स्पष्ट वाचता आले, आणि त्याच संध्याकाळी त्याने दुसरे खोडरबर घेऊन नव्याने सुरुवात केली. धाकटीने अर्थातच चिऊ कोरली. ही काऊ-चिऊची जोडी पुढे आमची ओळखच झाली.

कोरण्यासाठी व्ही आकाराच्या पात्याची छोटी पटाशी घ्यावी, लिनो म्हणजे ठशांसाठीची मऊ चादर कोरायला मिळते ती. रेघ जिथे राहायला हवी तिच्या बाहेरच्या बाजूने कोरत जायचे, आणि पाते रेघेपासून बाहेर कलते ठेवायचे. पाते आत, रेघेच्या खाली शिरले तर रेघेला आधार राहत नाही आणि दहा-बारा ठशांत ती तुटते. वळण आले की पटाशी वळवू नये, हात तसाच ठेवून रबर फिरवावे. ही एक युक्ती कळली की मुलांची गोलाई एकदम सुधारते. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे असला पाहिजे, कधीही पुढे नको. दहा वर्षांचा मुलगा शेजारी मोठे माणूस बसले असेल तर स्वतः कोरू शकतो. सहा वर्षांच्या मुलीने चित्र काढावे, ते घासून उतरवावे, आणि कोरण्याचे काम तुम्ही करावे. तिच्या डोळ्यांसमोर करा, म्हणजे तो शिक्का तिचाच राहतो. देवनागरी अक्षरे कोरायची असतील तर शिरोरेखा अखंड ठेवा, ती सगळ्या अक्षरांना धरून ठेवते. सुटा अनुस्वार मात्र सर्वांत आधी निखळतो, म्हणून तो थोडा मोठा आणि पायथ्याशी रुंद ठेवावा.

शाईच्या गादीऐवजी पाण्याच्या शाईचे रंगीत स्केचपेन वापरून पाहा. शिक्क्याच्या उठावावर हवे तिथे हवे ते रंग लावायचे, तोपर्यंत पहिला रंग वाळू लागतो, म्हणून तोंडाजवळ धरून एकदा मोठा उबदार श्वास सोडायचा आणि लगेच ठसा उमटवायचा. हे काम मुलांना अतोनात आवडते. वही मात्र जाड कागदाची, गुळगुळीत नसलेली घ्या. गुळगुळीत कागदावर शाई वाळत नाही, आणि वही मिटली की समोरच्या पानावर दुसरा कावळा उमटतो.

शिक्के तयार झाले की होकायंत्राचा सराव घराजवळच्या मैदानात करावा. पेटीच्या जागेचे सूत्र साधारणपणे असे असते: एक सहा किंवा आठ आकडी ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा आकडा, मग दोन-तीन ठळक खुणांचे दिशाकोन, म्हणजे उत्तरेपासून मोजलेले अंश, आणि शेवटी ‘सपाट दगडापासून आठ पावले, गवताच्या कडेखाली’ अशी ओळ. सहा आकडे तुम्हाला शंभर मीटरच्या चौकोनापर्यंत नेतात, आठ आकडे दहा मीटरच्या. त्यापुढचे काम दिशाकोनांचे. समजा सूत्रात म्हटले आहे की पेटीपाशी उभे राहिल्यास अमुक टॉर २५० अंशांवर दिसतो आणि प्रिन्सटाउनजवळच्या नॉर्थ हेसरी टॉरवरचा उंच मनोरा ३१० अंशांवर. तुम्ही टॉरकडे तोंड करून होकायंत्र धरले आणि आकडा २४० आला. आता कुठे सरकायचे? खुणेकडे तोंड करून उभे असताना आकडा वाढवायचा तर डावीकडे सरकायचे, कमी करायचा तर उजवीकडे. एवढा एकच नियम मुलाला पाठ करून द्या. मग एका मुलाने टॉर धरावा, दुसऱ्याने मनोरा, आणि दोघांचेही आकडे एकाच वेळी जुळतील अशी जागा मिळेपर्यंत दोघांनी हळूहळू सरकत राहावे. आमची भावंडे इतर वेळी कशावरून ना कशावरून भांडत, पण इथे एकमेकांशिवाय त्यांचे चालत नसे.

होकायंत्र धरताना मोबाइल दूर ठेवा. मोबाइलच्या पाकिटाला चुंबकाचे बटण असते, त्याच्याशेजारी होकायंत्र एकाच कप्प्यात राहिले तर सुई बिघडते, आणि कधी कधी उत्तर-दक्षिण चक्क उलट होतात. आणखी एक गोष्ट जुन्या सूत्रांबाबत लक्षात ठेवावी. चुंबकीय उत्तर दिशा वर्षानुवर्षे सरकत असते. चाळीस वर्षांपूर्वी डार्टमूरवर नकाशाची उत्तर आणि सुईची उत्तर यांत कित्येक अंशांचा फरक होता. आता तो इथे फारच थोडा उरला आहे, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात शेजारच्या डॉर्सेट परगण्याच्या किनाऱ्यावर तर नकाशाची उत्तर (त्यावरच्या उभ्या रेघांची), खरी उत्तर (ध्रुवाकडची) आणि चुंबकीय उत्तर या तिन्ही एका रेषेत आल्या होत्या. त्यामुळे सुईने मोजलेले जुने सूत्र आज जसेच्या तसे वापरले तर चुकते. पाच अंशांची चूक दोनशे मीटरवर सतरा मीटरची होते, आणि सतरा मीटरमध्ये दगडांच्या तीन राशी असू शकतात. आमच्या पहिल्या वर्षी न सापडलेल्या दोन पेट्या पुढे या हिशेबाने सापडल्या.

पावलांचे म्हणाल, तर सूत्रातली पावले पेटी ठेवणाऱ्याची असतात, तुमच्या मुलीची नव्हेत. मैदानात शंभर मीटर मोजून घ्या आणि प्रत्येकाने ते चालताना आपला फक्त डावा पाय किती वेळा पडतो ते मोजावे. मोठ्या माणसाचा आकडा साठ-सत्तरच्या आसपास येतो, लहान मुलांचा त्याहून बराच जास्त. प्रत्येकाचा आकडा त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दरवर्षी वाढदिवसाच्या आसपास आम्ही तो पुन्हा मोजत असू, आणि तो कमी होत गेलेला पाहताना मुले किती वाढली हे कळायचे.

सूत्रे मिळवायची कुठून, तर हंड्रेड क्लबची छापील यादी असते, एखाद्या धर्मादाय कामासाठी विकले जाणारे सूत्रांचे कागद असतात, आणि वाटेत भेटणारी जुनी मंडळी असतात. मुलांच्या हातात वही दिसली की ही मंडळी आपणहून एखादी पेटी सांगतात. जुन्या यादीतली प्रत्येक पेटी आज जागेवर असेलच असे नाही, म्हणून एका दिवसासाठी तीन सूत्रे घेऊन निघावे आणि एक सापडली तरी दिवस पुरा समजावा.

पहिल्या दिवसासाठी, आणि सासू-सासऱ्यांसाठीही, मी हेटॉर सुचवेन. ४५७ मीटर उंचीचा हा टॉर गाडी उभी करतो तिथूनच दिसतो आणि वाट गवताची, रुंद, सौम्य चढाची आहे. वर चढायचे नसेल तरी जवळच ग्रॅनाइटची ट्रामवे आहे, ती आजी-आजोबांना जरूर दाखवा. इथल्या खाणीतला दगड खाली कालव्यापर्यंत नेण्यासाठी १८२० साली ती सुरू झाली. तिचे रूळ लोखंडाचे नसून ग्रॅनाइटचेच कोरलेले आहेत, आणि त्यांवरून घोडे दगडाच्या गाड्या ओढत असत. १८३१ साली खुला झालेल्या लंडन ब्रिजला हा दगड लागला, आणि तो पूल पुढे विकला जाऊन आज अमेरिकेत ॲरिझोनात उभा आहे. माझे वडील महाराष्ट्रात बांधकाम खात्यात नोकरीला होते. ते त्या रुळांपाशी बसून अर्धा तास नुसते छिन्नीच्या खुणा न्याहाळत होते, आणि आम्ही तेवढ्यात जवळची एक पेटी शोधून आलो.

ज्येष्ठांना नेताना त्यांच्यासाठी एक ठरलेली, वाऱ्यापासून आडोशाची जागा निवडा, आणि घरातले एक मोठे माणूस त्यांच्याजवळ थांबू द्या. पुण्याच्या मे महिन्यातून आलेल्या माणसाला इथला मे कडाक्याचा वाटतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी हवीच, आणि बसायला जाड आसन, कारण ग्रॅनाइट गार असतो. पेटी सापडल्यावर ती दोन मिनिटांसाठी त्यांच्यापर्यंत आणून ठसे त्यांच्याकडून उमटवून घ्यावेत आणि नोंद त्यांच्या हाताने व्हावी. माझ्या आईने बहात्तराव्या वर्षी एका पेटीतल्या वहीत आधी पानाच्या माथ्यावर ‘श्री’ काढला, मग काऊ आणि चिऊ यांच्या ठशांखाली आपले नाव, गाव आणि तिथी लिहिली. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा त्या पेटीपाशी गेलो, तेव्हा त्या नोंदीखाली वेगळ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलेले होते की ही लिपी कोणती आणि हे दोन पक्षी कोण, कोणी सांगेल का. मुलीने तिथेच बसून चिऊचे मेणाचे घर आणि काऊचे शेणाचे घर सहा ओळींत लिहून ठेवले. पावसाचा दिवस निघालाच, तर डार्टमूरवरच्या काही पबमध्येही काउंटरमागे असा शिक्का ठेवलेला असतो. आजी-आजोबांना चहा मिळतो आणि मुलांच्या वहीत एक पान भरते.

वेळेचा अंदाज मुलांच्या पायांवरून बांधावा. डोंगर चालणाऱ्यांचा जुना ठोकताळा ताशी पाच किलोमीटर आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला एक तास जास्त, असा आहे. सहा वर्षांची मुलगी बरोबर असेल तर तो सरळ दुप्पट करा आणि प्रत्येक पेटीमागे अर्धा तास वेगळा धरा. डिसेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो, हे ब्रिस्टलकरांना सांगायला नको, पण माळावर त्या अंधाराला दिवे नसतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी कडक आहे. उत्तर डार्टमूरचा मोठा भाग लष्कराच्या गोळीबार सरावाचा आहे. ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी अशी तीन क्षेत्रे आहेत, त्यांच्या हद्दीवर लाल-पांढरे खांब असतात, आणि सराव असेल त्या दिवशी टेकड्यांवर लाल निशाणे लावतात, रात्री लाल दिवे. सरावाच्या वेळा आधी जाहीर होतात, त्या घरून निघण्यापूर्वी पाहिल्याच पाहिजेत. धातूची कोणतीही वस्तू जमिनीत दिसली तर हात लावायचा नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे, कारण पेटी शोधणाऱ्या मुलाला प्रत्येक चमकणारी वस्तू पेटीच वाटते.

दगडाच्या फटीत थेट हात घालू नये. आधी काठीने चाचपावे, बाजूला उभे राहून डोकवावे. ॲडर हा आपल्या घोणशीच्या कुळातला साप ब्रिटनमधला एकमेव विषारी साप आहे, आणि वसंतात तो उन्हाला दगडांवर येतो. तो आपणहून अंगावर येत नाही, पण त्याच्या अंगावर हात ठेवणे टाळणे आपल्या हाती आहे. उन्हाळ्यात नेच्याच्या रानातून चालल्यावर घरी येऊन मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड पाहावी. असेल तर तिच्यासाठी मिळणाऱ्या बारीक आकड्याने ती काढावी, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारे लाल वर्तुळ किंवा ताप दिसला तर डॉक्टरांकडे जावे. १ मार्च ते ३१ जुलै हा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा काळ असतो, तेव्हा कुत्रा दोरीला बांधलेला हवा आणि मुलांनी गवतात वाटेल तसे धावू नये.

धुके मात्र कोणालाच चुकत नाही. मुले सहा आणि दहा वर्षांची असताना आम्ही रॅडिक हिलच्या वरच्या अंगाला होतो आणि पाच मिनिटांत समोरचे माणूस दिसेनासे झाले. चूक माझी होती. येताना मी दिशा लिहून ठेवली नव्हती. आम्ही सगळे एका दगडाशी बसलो, पराठे खाल्ले, आणि मुलाने विचारले की आपण मघाशी ओलांडला तो पाट कुठे जातो. डेव्हनपोर्टच्या गोदीला पाणी पुरवण्यासाठी १७९० च्या दशकात खणलेला तो पाट, ज्याला इथे लीट म्हणतात, नकाशावर निळ्या रेघेने स्पष्ट दाखवलेला होता. आम्ही तो गाठला आणि पाणी वाहते त्या दिशेने, एकमेकांचे हात धरून, काठाकाठाने बरेटर जलाशयाच्या बाजूला उतरलो. तेव्हापासून कोणत्याही पेटीकडे जाण्यापूर्वी मी मुलांना विचारते की धुके आले तर कोणती रेघ धरून परतायचे, पाट, भिंत की ओढा? तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला हे काम द्या. कागदी नकाशा, १:२५,००० प्रमाणाचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर असावा. मोबाइलला माळावर पुष्कळ ठिकाणी संपर्क मिळत नाही. शिट्टी प्रत्येक मुलाच्या गळ्यात असावी. संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा वाजवायची. फोन लागला तर ९९९ वर आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातले बचाव पथक, हवे असे सांगायचे.

शिष्टाचार फार नाहीत, पण ते मोडले की छंदच मोडतो. पेटी उचलून थोडे दूर जाऊन ठसे उमटवावेत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला जागा कळत नाही. कोणी पाहत असेल तर बसून चहा प्यावा आणि ते पुढे जाईपर्यंत थांबावे. दगड उखडू नये, हिरवळ फाडू नये. वही ओली असेल तर कोरड्या झिपच्या पिशवीत घालून ठेवावी, आणि त्यासाठी दोन पिशव्या नेहमी जवळ बाळगाव्यात. स्वतःची पेटी ठेवण्याची घाई पहिली दोन वर्षे करू नका, कारण ठेवलेल्या पेटीची देखभाल वर्षानुवर्षे करावी लागते. आणि ठेवाल तेव्हा डार्टमूरचा सर्वांत महत्त्वाचा नियम पाळा. प्राचीन दगडांच्या रांगा, वर्तुळे, थडगी, जुन्या झोपड्यांचे अवशेष, भिंती यांच्यात किंवा त्यांच्याजवळ पेटी ठेवायची नाही.

या नियमामुळेच, सुट्टीत महाराष्ट्रात गेल्यावर सिंहगडावर किंवा राजगडावर पेटी ठेवू का, असे कोणी मला विचारले की मी स्पष्ट नाही म्हणते. गडांचा दगड हलवायचा नाही, संरक्षित वास्तूंना कायद्याचे संरक्षण आहे, आणि आडोशाला ठेवलेली बेवारस पेटी पाहून कोणाला भलतीच शंका यावी हेही बरे नव्हे. त्याऐवजी नातेवाइकांच्या वाडीत, मालकाला विचारून, सुट्टीपुरत्या पेट्या लपवा. आम्ही कोकणातल्या घरी पाच डबे लपवले होते, विहिरीच्या कठड्यापासून पावले मोजून, आणि चुलत भावंडांनी बटाट्यावर कोरलेले शिक्के वापरले होते. निघताना पाचही डबे मोजून परत आणले. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचे काम सोपे आहे. १९९८ साली तिथल्या ‘स्मिथसोनियन’ मासिकात डार्टमूरवर लेख आला आणि छंद तिकडे रुजला. त्यांच्याकडे प्रत्येकाचा स्वतःचा शिक्का आणि टोपणनाव असण्यावर अधिक भर असतो आणि सूत्रे बहुधा कोड्यांसारखी असतात. उपग्रहाच्या साहाय्याने लपवलेले डबे शोधायचा खेळ, जिओकॅशिंग, २००० साली सुरू झाले. ते वेगळे आहे, चांगलेही आहे, पण तुमच्या मुलांचा मोबाइल सुटावा अशी इच्छा असेल तर निदान पहिले वर्ष त्यात पडू नका.

राहिला प्रश्न क्रॅनमिअर पूलचा. मुलगा तो नकाशावर शोधून काढेलच आणि लगेच जाऊ म्हणेल. या वर्षी नेऊ नका. ती जागा ओकहॅम्प्टनच्या सराव क्षेत्रात आहे, वाट दलदलीची आहे, आणि नावात पूल असला तरी तिथे तळे नाही, पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा, काळा खोलगट भाग आहे. मुलगी दहाची झाली, सलग पाच-सहा तास कुरकुर न करता चालू लागली, की कोरड्या आठवड्यानंतरचा, निशाणे नसलेला दिवस पाहून जा. जाताना सासू-सासऱ्यांच्या पुण्याच्या पत्त्यावरचे एक कार्ड बरोबर न्या. परदेशी टपालाचे पूर्ण तिकीट घरूनच लावा, मजकूर पेन्सिलीने किंवा बॉलपेनने लिहा, कारण जेलपेनची शाई ओलीत पसरते, आणि पत्त्यात ‘इंडिया’ मोठ्या अक्षरांत लिहा. आम्ही आमचे कार्ड तिथल्या पेटीत ठेवून, आधीच्या कोणाचे तरी बर्मिंगहॅमच्या पत्त्यावरचे कार्ड उचलले आणि प्लिमथच्या टपालात टाकले. आमचे कार्ड पाच आठवड्यांनी माझ्या आईला मिळाले. कोपऱ्यात काऊ आणि चिऊ होते, आणि त्यांच्याशेजारी, ते टपालात टाकणाऱ्या अनोळखी माणसाने स्वतःचा शिक्का उमटवला होता, एका छोट्या मेंढीचा.